बोट उचल, मेधे

मिलिंदचा फोन आला तेव्हा आमची कंपनीची बस हिंजवडीच्या अलीकडे नेहमीसारखी अडकून पडली होती. पुढे बस, मागे बस, शेजारी बस, आणि प्रत्येक बसमध्ये कानात इअरफोनची बोंडं घालून डुलक्या घेणारी माणसं. "मेधा, विशाखा गेली गं," एवढंच तो म्हणाला. नवरा-बायको दोघंही माझे कॉलेजपासूनचे मित्र. मी अगदी बावळटासारखं विचारलं, "मग आज वर्ग कोण घेतंय?" पलीकडून चक्क हसल्यासारखा आवाज आला. "सोनी घेतेय. मी गेले तरी त्या दिवशी सुट्टी द्यायची नाही, असं बजावून गेलीय बाईसाहेब." मग मात्र मी बसमध्येच हुंदके देऊन रडले. शेजारच्या मुलानं बोंडं काढून मला पाण्याची बाटली दिली, आणि बस तसूभरही पुढे सरकली नाही.

स्मृतिलेखात माणसं हळू आवाजात बोलतात, आणि गेलेली व्यक्ती हटकून शांत, सोशिक नि मितभाषी निघते. विशाखा यातली काहीच नव्हती. ती बोलायला लागली की शेजारच्या घरातला टीव्ही बारीक होई. त्रास होतो म्हणून नव्हे, टीव्हीपेक्षा ती ऐकायला बरी वाटे म्हणून. येरवड्यातल्या तिच्या वस्तीत तिनं वीसेक वर्षं एक बालवाडी चालवली, आणि शाळेत जायच्या वयाचीही न झालेली पोरं वाचायला लावली. त्याची हकिगत खालच्या पट्टीत सांगणं मला जमणार नाही. ती हकिगत आठवली की मला अजून जागेवर बसवत नाही.

आमची शेवटची भेट जाण्याआधी पंधराएक दिवसांची. हृदयाचं दुखणं बळावलं होतं, डॉक्टरांनी जिना चढायची बंदी केली होती, आणि ती पलंगावर उशांना टेकून गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर सरकवून वाचायचा प्रयत्न करत होती. "ही कंपनी आजारी माणसांसाठी औषध काढते की मुंग्यांसाठी? कोणाला वाचता यावं अशी इच्छाच नाही यांची," असं म्हणून तिनं पाकीट माझ्याकडे भिरकावलं. मग वर्गातल्या एका पोरानं काय वाक्य सांगितलं ते मला सांगताना इतकी हसली की मिलिंदला आत येऊन ओरडावं लागलं. निघताना मी म्हटलं, "विश्रांती घे." ती म्हणाली, "घेतेय की. दिवसभर पडूनच असते. कंटाळा आलाय विश्रांतीचा…"

आम्ही भेटलो गणिताच्या वर्गात. मी सदाशिव पेठेतली. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते दुरुस्त करायची आमच्या घरी पिढीजात सवय. पहिल्याच आठवड्यात मी तिचा एक शब्द असाच दुरुस्त केला. ती थांबली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "झालं दुरुस्त? आता मुद्दा ऐक." तेव्हापासून मी तिचा मुद्दा ऐकत आले. नव्वदीनंतर सगळ्या पुण्याला संगणकानं पछाडलं होतं. किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर संगणकाचे क्लास, मंगल कार्यालयाच्या मागे संगणकाचे क्लास. आम्हीही त्या पुरात उडी मारली, आणि आश्चर्य म्हणजे दोघींनाही एकाच कंपनीत नोकरी लागली. तिच्या वस्तीत पेढे वाटले गेले. वातानुकूलित खोलीत बसून काम करणारी ती तिथली पहिली मुलगी.

वर्ष पुरं व्हायच्या आत तिनं ती नोकरी सोडली. संध्याकाळी घरी परतली की ओट्यावर पोरं जमायची, अभ्यासाला. दुसरीतली, तिसरीतली. बाराखडी अशी घडाघडा म्हणत की ऐकत राहावं, आणि समोरच्या डेअरीच्या पाटीवरचं 'दूध' वाच म्हटलं की आकाशाकडे बघत. एके दिवशी कॅन्टीनमध्ये ताट बाजूला सारून ती मला म्हणाली, "मेधे, त्यांना सगळी अक्षरं येतात गं. पण अक्षरांच्या आत कोणीतरी काहीतरी बोललेलं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. आणि तिसरीत सांगून उपयोग नाही, तोवर त्यांना वाचनाचा वीट आलेला असतो. आधीच धरायला पाहिजेत, चार वर्षांची असताना." मी म्हटलं, धर की रविवारी. ती म्हणाली, "रविवारी फक्त भजी होतात." आणि राजीनामा दिला. तिची आई आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. मिलिंद तेव्हा नुकताच पोस्टात लागला होता. तो म्हणाला, माझ्या पगारात दोघांचं भागेल, फक्त हॉटेलात जेवायला मागू नकोस. हा त्याचा लग्नाचा प्रस्ताव होता, असं तो पुढे सगळ्यांना सांगत असे.

वस्तीतल्या विहाराचा हॉल सकाळी रिकामा असायचा. कमिटीनं तो तिला बालवाडीसाठी दिला. भिंतीशी बुद्धाची मूर्ती, खाली सतरंजी, आणि सतरंजीवर तीन ते सहा वर्षांची वीस-पंचवीस पोरं. तक्ते नाहीत, अंकलिपी नाही. तिची पद्धत एका वाक्यात सांगता येईल, पण तसं सांगितलं की फारच सोपी वाटते. मूल काहीतरी सांगे, ती ते जसंच्या तसं, मोठ्या अक्षरात, मुलाच्या डोळ्यांदेखत लिही, आणि खाली लिही, 'असं सोनी म्हणाली' किंवा 'असं राहुल म्हणाला'. मग तो कागद त्या मुलाचा. त्यानं तो वाचायचा. बस. काय सांगावं याला कसलंही बंधन नव्हतं, आणि जे सांगितलं त्यात एक कानामात्राही बदलायला तिची मनाई होती, स्वतःलाही. सोनीचा पहिला कागद मला आजही पाठ आहे. 'आमच्या शेळीला दोन पिल्लं झाली. एक काळं हाय. एक शेळीसारखं हाय. असं सोनी म्हणाली.' आणि राहुलचा तर अख्ख्या वस्तीला पाठ आहे. त्याचे वडील तुरुंगावर शिपाई होते. 'माझे पप्पा रोज जेलात जातात. संध्याकाळी डबा घेऊन परत येतात. असं राहुल म्हणाला.'

सुरुवातीला ती हे सगळं जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर लिही. मग आमच्या कंपनीनं तिला श्रीमंत केलं. दोन हजार साल उजाडलं की जगभरचे संगणक गोंधळणार अशी तेव्हा धास्ती होती, आणि जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा तपासायचं काम आमच्याकडे ढिगानं आलं होतं. दिवसभर प्रिंटर कर्र कर्र करत लांबच लांब घडीचा कागद ओकायचे. दोन्ही कडांना भोकं असलेला, एकाला एक जोडलेला, ओढत नेला तर जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत जाईल असा. वापर झाला की रद्दी. मी साहेबांना विचारून त्यातला पाठकोरा कागद खोक्यात भरला आणि रिक्षानं येरवड्याला नेला. विशाखानं खोकं उघडलं, कागदाचं टोक धरलं आणि ओढतच सुटली. पोरं किंचाळत त्याच्यामागे. हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढराशुभ्र कागद पसरला आणि त्यावर पंचवीस पोरं ओणवी झाली. "आता गोष्ट संपणारच नाही," ती ओरडली, "वाटेल तेवढी लांब सांगा रे!" एका बाजूला परदेशातल्या कुठल्याशा गोदामातल्या मालाची जंत्री, आणि दुसऱ्या बाजूला सोनीची शेळी. माझ्या कामाचा इतका चांगला उपयोग त्याआधी झाला नव्हता, त्यानंतरही क्वचितच झाला.

त्याच दिवशी मला माझा धडा मिळाला. सोनी, तेव्हा पाच वर्षांची, दोन वेण्या, नाक सतत वाहतं, आपला नवा कागद वाचत होती. एका शब्दावर अडली. मी शेजारी बसले होते. मदत म्हणून त्या शब्दाखाली बोट ठेवलं. विशाखा मागून आली. तिनं माझं बोट दोन बोटांच्या चिमटीत धरलं, उचललं, आणि सतरंजीवर बाजूला ठेवून दिलं. ताटातला कढीपत्ता काढून ठेवावा तसं. वर म्हणाली, "बोट उचल, मेधे. तिचं बोट कुठं ठेवायचं मग?" सोनीनं खरोखरच आपलं शेंबडं बोट तिथं टेकवलं, आणि मी मिनिटभर जीव मुठीत धरून बसल्यावर तो शब्द तिनं वाचला. विशाखाचं म्हणणं होतं की वाचणाऱ्या मुलाला दोन गोष्टी स्वतःच्या लागतात, गोष्ट आणि बोट. आपण मोठी माणसं दोन्ही हिसकावून घेतो आणि मग पोर वाचत नाही म्हणून बोंब मारतो.

सगळं झकास चाललं होतं, आणि तेवढ्यात वस्तीत इंग्लिश नर्सरीची हवा शिरली. हिंजवडीच्या शेतांमध्ये काचेच्या इमारती उठत होत्या. वस्तीतले काहीजण तिकडे रखवालीला, बागकामाला जायला लागले होते, आणि आत कोण जातं, ते काय बोलतात, हे रोज बघत होते. कुणा एका बाईंनी कमिटीकडे प्रस्ताव आणला. हॉल आम्हाला द्या, आम्ही नर्सरी काढतो. गणवेश, टाय, बूट, एबीसीडी. आईबाप हुरळून गेले. यात त्यांची चूक होती असं मला तेव्हाही वाटलं नाही. कमिटीचे अध्यक्ष आबा. रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा, आवाज इंजिनासारखा. विशाखाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यांनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं, "पोरी, तुझं काम चांगलं हाय. पण आमच्या पोरांनी शेळीच वाचायची का जन्मभर? त्यान्ला हिंजवडी वाचू दे की." मी तिथं होते. मला वाटलं, आता ही उसळणार. ती उसळली नाही. म्हणाली, "आबा, ज्याला आपली शेळी वाचता आली, त्याला हिंजवडीची पाटी कोणी शिकवायला लागत नाही. तुम्ही जयंतीच्या दिवशी बघा. स्टेजवर सगळ्या वस्तीसमोर वाचून दाखवतील. नाही वाचलं, तर हॉलची किल्ली मी माझ्या हातानं तुम्हाला देईन." आबा म्हणाले, "बघ हां, शब्द दिलायस." घरी येताना मी तिला विचारलं, अगं हॉल गेला तर काय करशील? तिच्या घराची खोली एवढी की चारजण जेवायला बसले तर पाचव्यानं उभं राहावं. ती म्हणाली, "हॉल गेला तर वर्ग गेला, मेधे. एवढंच."

जयंतीच्या आधी रंगीत तालीम होती, म्हणून मी रजा काढून गेले. एकेक पोर उठून आपला कागद वाचत होतं. राहुल उठला, छाती काढून उभा राहिला आणि 'माझे पप्पा रोज जेलात जातात' खणखणीत आवाजात, बोट फिरवत, एकदाही न अडखळता वाचून दाखवलं. मी टाळी वाजवणार एवढ्यात माझं लक्ष गेलं. कागद उलटा होता. मी विशाखाला कोपऱ्यात ओढलं. "अगं, हा वाचत नाहीये! यानं पाठ केलंय! अशी आणखी किती आहेत?" तर ही बया आनंदानं नाचायची बाकी राहिली. "बघितलंस ना! म्हणजे त्याला कळलंय की कागद बोलतो, आणि दरवेळी तेच बोलतो. अर्धं वाचन झालं की त्याचं!" मी म्हटलं, आबांना अर्धं चालणार नाही. त्यावर ती म्हणाली, "किती पोरं वाचतात आणि किती पाठ म्हणतात, ते मलाही नक्की सांगता येत नाही. हे दूध विरजण्यासारखं असतं गं… कुठल्या क्षणी दही झालं ते दिसत नाही." तिचा चेहरा उतरलेला मी तेवढा एकदाच बघितला.

जयंतीची संध्याकाळ. निळे झेंडे, लाइटच्या माळा, लाउडस्पीकर, मैदानात खुर्च्या अपुऱ्या पडून माणसं उभी. नर्सरीवाल्या बाई पहिल्या रांगेत. स्टेजवर पोरं ओळीनं, पावडरी लावून, हातात भोकांच्या कडांचे कागद. पहिली तीन-चार पोरं छान वाचून गेली. शेळीला तर टाळ्यांचा कडकडाट. मग राहुल. 'माझे पप्पा रोज जेलात जातात' म्हणताच मैदान हसून लोटपोट झालं, आणि त्याचे वडील गणवेशातच लाजले. पण पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "आरं, कागद उलटा हाय!" हसणं एकदम बदललं. तुम्हाला ठाऊक असेल, हसण्याचे दोन प्रकार असतात. हे दुसरं होतं. आबा उठले, माईक हातात घेतला. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते आवाजात कळत होतं. "विशाखा, पाठ केलंय गं पोरांनी. पाठ तर पोपट पण करतो."

विशाखा स्टेजच्या कडेला उभी होती. मला वाटलं, आता कमरेची किल्ली काढते. तिनं पदर खोचला, स्टेजवर गेली आणि ओळीतल्या प्रत्येक पोराच्या हातातला कागद काढून घेतला. सगळे एकत्र केले, आणि सगळ्या वस्तीसमोर, पत्ते पिसतात तसे पिसले. खालून वर, वरून खाली, मधूनच काढून पुन्हा आत. मग हाताला येईल त्याला हाताला येईल तो कागद वाटत गेली. मला तिनं यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. नंतर मी विचारलं, तर म्हणाली, "मलाच कुठं माहीत होतं? आबा पोपट म्हणाले आणि माझं डोकं सटकलं."

राहुलच्या हातात आलेला कागद यावेळी सुलटा होता, पण त्याचा नव्हता. त्यानं सवयीनं सुरुवात केली, "माझे पप्पा…" आणि थांबला. कागदाकडे बघितलं. बोट पहिल्या शब्दावर ठेवलं, उचललं, दुसऱ्यावर ठेवलं. विशाखा त्याच्यापासून हातभर अंतरावर होती, आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले होते. राहुलचं बोट ओळीवरून घसरत खाली आलं. मग त्यानं मान वर केली आणि माईकमध्ये, तक्रार केल्यासारखं, सगळ्या वस्तीला सांगितलं, "हितं जेल न्हाई." खाली वाकला. "सो… नी. सोनी म्हणाली. हे माझं न्हाईच! हे सोनीचं हाय!" आणि तरातरा चालत जाऊन त्यानं तो कागद सोनीच्या हातात कोंबला, "घे तुझी शेळी," आणि विचारलं, "माझं जेल कुणाकडं हाय?"

पुढे जे झालं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. सगळी ओळ मोडली. प्रत्येक पोर आपल्या हातातल्या कागदावर वाकलं, शेवटची ओळ शोधू लागलं, "हे पिंकीचं!", "ये, हे तुझं हाय, ह्यात पाव हाय," "माझं दे की!" माईक चालूच होता, त्यामुळे स्टेजवरचा तो सगळा बाजार लाउडस्पीकरवरून पार मुख्य रस्त्यापर्यंत ऐकू जात होता. दोन-तीन पोरांना काहीच उमजेना, ती रडायला लागली. तर शेजारची पोरं त्यांचा कागद वाचून सांगायला लागली. आयाबाया खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. राहुलला आपला कागद सापडला, त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, फिरवून सुलटा केला आणि 'जे… ला… त' असं एकेक अक्षर लावत वाचला. तालमीतल्यापेक्षा फार वाईट वाचला. विशाखा घळाघळा रडत होती आणि हसत होती.

आबा सहजासहजी हार मानणारे नव्हते. म्हणाले, नावं तर ओळखीची असतात. तेव्हा विशाखानं एक कोरं पान फाडलं, रंगीत खडूची कांडी घेतली आणि माईक त्यांच्या तोंडासमोर धरला. "आबा, आता तुम्ही सांगा. मी लिहिते. मनात येईल ते." एवढा भाषणं ठोकणारा माणूस, पण त्याला काही सुचेना. शेवटी म्हणाले, "माझं… माझं गुडघं लई दुखतंय." तिनं तेच लिहिलं, आणि कागद सोनीपुढे धरला. सोनीचं बोट टेकलं. "मा… झं. माझं." मग 'गु'वर अडली. पुन्हा 'गु'. आबांकडे बघितलं. आबा नकळत गुडघा चोळत होते. "गुडघं!" सोनी ओरडली, आणि पुढचं एका दमात, "लई दुखतंय! असं आबा म्हणाले!" तिनं किती वाचलं, किती नुकतंच ऐकलेलं आठवलं आणि किती आबांच्या गुडघ्याकडे बघून ताडलं, हे मला सांगता येणार नाही. विशाखाच्या मते हे सगळं मिळूनच वाचन होतं, आणि मोठी माणसंही पेपर असाच वाचतात. आता निकाल तुमचा, म्हणत विशाखानं कमरेची किल्ली काढून पुढे केली. आबांनी तिची मूठ मिटवली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच," म्हणाले, आणि तो गुडघ्याचा कागद मात्र मागून घेतला. मरेपर्यंत त्यांच्या घरात तो भिंतीवर होता.

हॉल वाचला म्हणून सगळं गोड झालं, असं मात्र नाही. नर्सरी दुसऱ्या गल्लीत निघाली आणि जूनमध्ये निम्मी पोरं टाय लावून तिकडे गेली. त्यात राहुलही होता. विशाखा दोन दिवस धुमसली, मग तिनं हॉलच्या दारावर पाटी लावली, 'टाय घालून आलं तरी चालेल', आणि संध्याकाळचा वर्ग सुरू केला. पोरं टायसकट आली. पुढे पुण्याचा पसारा वाढत गेला, बांधकामांवर लांबलांबची माणसं आली, त्यांची पोरंही वर्गात आली. कोणी हिंदीत सांगे, कोणी कानडीत, कोणी अशा बोलीत की तिचं नावही आम्हाला माहीत नसे. ही ऐकू येईल तसं देवनागरीत उतरवून घेई, मुलाच्या आईला वाचून दाखवी, आणि आई लाजत हसली की बरोबर लिहिलंय असं समजे. आमच्या कंपनीत मात्र नवे प्रिंटर आले, आणि घडीचा कागद जाऊन सुटे कागद आले. मी ते नेऊन दिल्यावर तिनं मला झापलं, "तुझी कंपनी सुधारते आणि माझ्या पोरांच्या गोष्टी तोकड्या होतात. पान संपलं की ती थांबतात गं!" मग मी ओळखीपाळखीच्या कचेऱ्यांतून जुनी खोकी शोधत हिंडायला लागले. तुमची मुलं पुढे काय झाली, असं कोणी कौतुकानं विचारलेलं तिला खपत नसे. म्हणायची, "काय झाली ते त्यांच्या आयांना विचारा. पाच वर्षांची असताना काय म्हणाली ते विचारा, ते मी सांगते." आणि खरंच सांगायची, एकेकाचं वाक्य, हावभावासकट.

तिच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या सभेला, विहाराचा हॉल पुरला नाही, माणसं रस्त्यावर बसली होती. भाषणं झाली, बरीच लांबली. मग मिशी राखलेला, उंच, धिप्पाड माणूस उठला, माईकपाशी आला, घसा खाकरला आणि म्हणाला, "मी पण आता रोज जेलात जातो. संध्याकाळी डबा घेऊन परत येतो." एवढं बोलून राहुल खाली बसला, आणि सगळा हॉल रडता रडता हसायला लागला… पहिल्या प्रकारचं हसणं.

गेल्या आठवड्यात मी शेवटचं खोकं घेऊन वर्गावर गेले. माझ्या माळ्यावर ते राहून गेलं होतं. कागद कडांना पिवळा पडलाय, पण चांगला आहे. सोनी, जी आता हा वर्ग चालवते आणि जिचं नाक आता अजिबात वाहत नाही, तिनं खोक्यातला कागद थेट भिंतीपर्यंत ओढत नेला. पोरं किंचाळली. खिडकीत विशाखाचा चष्मा ठेवलेला आहे, मिलिंदनं आणून ठेवलाय म्हणे. सोनी म्हणाली, "मेधाताई, आज तुम्ही लिहा." इतक्या वर्षांत मी खोकी वाहिली होती, पण लिहिलं कधीच नव्हतं. समोर एक चार-साडेचार वर्षांची मुलगी येऊन बसली. पूजा तिचं नाव. वडील रस्त्याच्या कामावर आहेत. मी विचारलं, काय लिहू? तिनं विचार केला आणि सांगितलं, "मोठ्या ताईचा चष्मा खिडकीत हाय. मी घातला. मुंगी एवढी मोठी झाली. ताई न्हाई." मी लिहायला घेतलं. सदाशिव पेठेतला हात, तो सवयीनं दर शब्दाला वळवळत होता. पण मी जसंच्या तसं लिहिलं, एक कानाही बदलला नाही, 'ताई न्हाई'मधलासुद्धा. खाली लिहिलं, 'असं पूजा म्हणाली.'

पूजा कागदावर ओणवी झाली. पहिलाच शब्द बघून अडली. ओठ हलवले, पुन्हा अडली. मला काही कळायच्या आत माझं बोट पुढे गेलं आणि त्या शब्दाखाली टेकलं. पूजानं माझ्याकडे वर बघितलंसुद्धा नाही. तिनं माझं बोट दोन बोटांच्या चिमटीत धरलं, उचललं, सतरंजीवर बाजूला ठेवून दिलं, त्या जागी आपलं बोट ठेवलं आणि वाचायला लागली.